कोरा राहिलेला रकाना

आज मैत्रिणीसोबत आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवण्याचे उपचार) केंद्रात गेले होते. इंजेक्शनं, सोनोग्राफी, ताटकळणं, हे आता तिच्या अंगवळणी पडलंय. अडलो ते संमतिपत्रावर. उरलेल्या गोठवलेल्या भ्रूणांचं काय करायचं? दुसऱ्या जोडप्याला, संशोधनाला, की नष्ट? तुम्ही दोघं वेगळे झालात तर? एक जण गेला तर? तिचा पेन तिथेच थांबला. अजून कुशीत एकही मूल नाही आणि उरलेल्यांचा निर्णय मात्र आजच द्यायचा! समजावून सांगायला कोणी नव्हतं. "इथे सही करा," एवढंच. याला संमती म्हणायला माझं मन तयार नाही.

आयव्हीएफने झालेलं जगातलं पहिलं मूल, लुईस ब्राऊन, १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये जन्मली. या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या तिथल्या वॉर्नॉक समितीचा अहवाल आला १९८४ मध्ये, कायदा १९९० मध्ये. प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायचा नाही, ही मर्यादा त्या कायद्यातलीच. म्हणजे मूल आधी आलं, नियम बारा वर्षांनी.

आणि या कागदांवर जिची सही कधीच नसते ती व्यक्ती म्हणजे जन्माला येणारं मूल. स्वीडनने १९८५ पासून दात्याच्या शुक्राणूंपासून जन्मलेल्या मुलांना त्या दात्याची ओळख जाणून घेण्याचा हक्क दिला. दाते कमी होतील ही भीती मला कळते, तरी मी मुलाच्याच बाजूने आहे.

मैत्रिणीने तो रकाना कोरा ठेवला. कागद घरी आणलाय. रात्री नवऱ्याशी बोलणार आहे.