पालकाची सही

प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘पालकाची सही’ असा रकाना असे. आमच्या वर्गशिक्षिका ती सही पाहण्याआधी ‘तुला स्वतःला काय वाटतं?’ असे विचारीत आणि उत्तर पुरे होईपर्यंत दुसरे पुस्तक हाती घेत नसत. कौटुंबिक कायदा, आरोग्यविषयक कायदा आणि मानवी हक्क यांच्या संशोधनात माझे आयुष्य गेले, त्याची सुरुवात मी त्या प्रश्नापासून धरते.

अभ्यासक्रमात हे तीन वेगळे विषय असले, तरी अल्पवयीन रुग्णाच्या संमतिपत्रावर ते एकत्र येतात. मी अभ्यासलेल्या अनेक नमुन्यांत मुलीचे नाव वरच्या ओळीत एकदाच, तेही दुसऱ्याने भरायचे, आणि तळाशी सहीची रेघ फक्त पालकासाठी. इंग्लंडमधील गिलिक खटल्यात १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरवले, की सोळा वर्षांखालील मुलाला उपचाराचा अर्थ व परिणाम पुरेसे उमगत असतील, तर त्याची स्वतःची संमती ग्राह्य धरता येते. पालकांचा अधिकार मुलाच्या हितासाठी असतो आणि मुलाची समज वाढते तसा तो मागे सरतो, हा त्यामागचा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडण्याचा हक्क दिला आणि वय व परिपक्वता पाहून त्या मताला वजन देण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. मात्र मुलाचे ऐकणे वेगळे आणि निर्णयाचा भार त्याच्यावर टाकणे वेगळे. विभक्त पालकांमधल्या मुलाच्या ताब्याच्या दाव्यात ‘आई हवी की बाबा?’ असे थेट विचारणे मला क्रूर वाटते. कोणाकडे झोप शांत लागते, शाळेची तयारी कोण करून घेते, कशाची भीती वाटते, हे विचारले तर मूल कोणालाही न नाकारता बरेच सांगून जाते. हा फरक न्यायालयांच्या कामकाजात नीट उतरावा, यासाठी मी सर्वाधिक लिहिले.

सध्या मी मुलांसाठीच्या संमतिपत्राचा एक नमुना तयार करते आहे. त्यात पालकाच्या सहीच्या वर चार ओळींची मोकळी जागा आहे. मसुदा वाचणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारले, की तिथे मुलाने नेमके काय लिहायचे? तेव्हा त्या जागेच्या डोक्यावर मी बाईंचा प्रश्न जसाच्या तसा घातला.