हात कुठून सुरू होतो

गुरुवार, रात्री

परीक्षा आटोपली तसा डॉक्टरकी शिकणाऱ्या भाच्याने त्याचा बोन सेट, म्हणजे अभ्यासाची हाडं, माझ्या टेबलावर आणून टाकला. हाड हातात घेतलं की तो आधी डावं की उजवं ते सांगतो. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच पहिलं विचारतात म्हणे. मग कुठला स्नायू कुठल्या उंचवट्याला लागतो ते. मला चित्रापुरतं हवं होतं ते वेगळंच: कातडीखालून काय दिसतं?

कॉलरबोन तर पूर्ण लांबीभर दिसतं. ते सरळ नाही. वरून पाहिलं तर छातीकडे पुढे फुगलेलं, खांद्याकडे मागे वळलेलं. अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो याच्याच आतल्या टोकाशी, गळ्याखालच्या खळगीच्या बाजूला. बाकी सगळा भार स्नायूंवर. मागचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं त्रिकोणी हाड, साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर नुसता टेकलेला असतो आणि तिथे सरकत राहतो. हात बाजूने पूर्ण वर नेला तर 180 अंशांपैकी ढोबळमानाने 120 खांद्याच्या सांध्यातले, उरलेले 60 फऱ्याच्या फिरण्याचे. खांदा जागच्या जागी ठेवून नुसता दंड फिरवला की हात बाहुलीचा का वाटतो, ते यात आलं. यापुढे हाताची पहिली रेघ खळगीपासून.

(गणपतीचे चार हात काढायचे तर फरे किती धरायचे? मूर्तिकार मागचे हात पुढच्यांच्या आडून काढून मोकळे होतात. शहाणे लोक.)

कोपराला तीन खुणा पुरतात. दोन्ही बाजूंची टोकं आणि मागचं टोक: हात सरळ असताना एका ओळीत, वाकवला की त्रिकोण. तिथून अल्नाची, म्हणजे कोपरापुढच्या करंगळीकडच्या हाडाची, कड कातडीलगत थेट मनगटाच्या करंगळीकडच्या गाठीपर्यंत जाते. बोटाने चाचपत गेलं तर कुठेच तुटत नाही. तळहात पालथा केला की रेडियस, म्हणजे अंगठ्याकडचं हाड, तिच्यावरून तिरका पलीकडे जातो, अल्ना जवळजवळ जागेवरच. पालथ्या हाताचा आकार बदलतो तो यामुळे. मनगटाजवळ नुसती छाया देऊन ते साधत नाही.

जेवणानंतर लिओनार्दो दा विंचीची 1510-11च्या सुमाराची पानं संगणकावर उघडली, विंडसरच्या राजसंग्रहातली. एकच खांदा तो थोडा थोडा फिरवत पुन्हा पुन्हा काढतो, पुढून, बाजूने, मागून. बायसेप्स, दंडाचा पुढचा स्नायू, कोपर वाकवतो तसा तळहात उताणाही करतो, हेही त्याने तेव्हाच ताडलं होतं. स्क्रू पिळताना स्वतःचा दंड धरून पाहिला, लगेच कळतं.

फऱ्याची मागची आडवी कड अजून नीट बसत नाही. कृश माणसात ती उंचवटा, पण पीळदार पाठीत दोन्हीकडचे स्नायू फुगल्याने तिथेच खाच पडते. उद्या दिवा बाजूला ठेवून तेवढंच काढायचं.