खाज एकाची, भीती सहा जणांची

मी नवी मुंबईत एका सरकारी दवाखान्याच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) समुपदेशक आहे, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट करायच्या आधी आणि नंतर जी मॅडम बोलते ना, ती. (ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय, आमच्याकडे गोपनीयता हा नुसता शिष्टाचार नाही, २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदाच आहे.)

पावसाळ्यातला दिवस, लाइट ये-जा करत होती. एक पोरगा आला, पंचविशीच्या आतबाहेर, रबाळे एमआयडीसीत कामाला, घणसोली गावात भाड्याने राहणारा, मूळचा मराठवाड्यातला. आल्या आल्या म्हणाला सर नाहीत का, जेंट्स कुणीतरी. मी म्हटलं नाहीत, मीच आहे, बसा. बसला तो खुर्चीच्या अगदी टोकावर, आणि बॅगेतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात खाजगी लॅबचे एचआयव्हीचे रिपोर्ट, वेगवेगळ्या लॅबचे, सगळे निगेटिव्ह. मग म्हणाला, मॅडम हे सगळे चुकीचे आहेत, मला झालाय, फक्त दिसत नाहीये.

का वाटतं असं, तर अंगाला खाज. रात्री झोप नाही. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, कमरेला पुळ्या, आणि खाली, तिथे, लालसर गाठी. हे सांगताना त्याने मान इतकी खाली घातली की मला फक्त त्याचा भांग दिसत होता. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एकदा संबंध आला होता, कंडोम नव्हता, त्यानंतर महिन्याभराने खाज सुरू झाली, मोबाइलवर वाचलं की एचआयव्हीत पुरळ येतं, झालं. त्यात घरी सुपारी फुटलेली, लग्न मार्गशीर्षात, आणि हा आईला नाही म्हणून कळवायच्या बेतात. लोकलमध्ये चिकटवलेले ते गुप्तरोगवाले कागद असतात ना, त्यातल्या एका नंबरवर फोनपण करून झालेला, त्याने हजारोंचा कोर्स सांगितला. नशीब पगार झाला नव्हता.

आता माझं काम निदान करायचं नाही, ते स्किनच्या सरांचं. पण ऐकता ऐकता मी विचारलं, रूमवर किती जण राहता? सहा. गाद्या किती? चार, कारण दोघं नाइट शिफ्टला, ते आले की दिवसवाल्यांच्या गादीवर झोपतात. आणि अजून कुणाला खाजतं का? म्हणाला नाही, म्हणजे माहीत नाही, असं कोण विचारतं मॅडम.

त्याला केसपेपर देऊन स्किन ओपीडीत पाठवला. सरांनी लेन्स लावून बोटांची बेचकी बघितली, बारीक नागमोडी रेघा होत्या, ते किड्याचं बीळ. खरूज. खालच्या गाठीसुद्धा खरजेच्याच, त्या जागी तशा येतात. वर याने मेडिकलवाल्याकडून थ्री-इन-वन ट्यूब आणून लावलेली, त्यात स्टेरॉइड, म्हणजे चार दिवस लाली कमी आणि किडा आत मजेत. चिठ्ठीशिवाय असली ट्यूब द्यायचीच नसते, पण देतात सगळे, हा माझा जुना राग आहे.

परत माझ्याकडे आला तेव्हा चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नाही, उलट संशय. खरूज तर शाळेतल्या पोरांना होते. मग सगळं सांगितलं. खरूज पहिल्यांदा झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून तारखा जुळल्या तरी त्यावरून काही ठरत नाही. ती संबंधातून येते तशीच एका गादीवर झोपूनही येते. एचआयव्हीचं सुरुवातीचं पुरळ बहुतेक वेळा तापाबरोबर, घसादुखीबरोबर येतं, असं महिनाभर रात्री-रात्री खाजवत बसवत नाही. सिफिलिस म्हणजे संबंधातून होणारा दुसरा एक आजार, त्याचं पुरळ तळहात-तळपायावर दिसतं, सहसा खाजत नाही. तरीपण विनाकंडोम संबंध झालाय तर टेस्ट करायचीच, ती खाजेसाठी नाही, त्या रात्रीसाठी. संमतीची सही घेतली, एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही केल्या, दोन्ही निगेटिव्ह. त्या रात्रीला तीन महिने पूर्ण झाले की अजून एकदा या म्हटलं, तोवर कंडोम.

खरी अडचण पुढे होती. खरजेचा किडा मारणारी पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली, खाली पण, रात्रभर ठेवायची, सकाळी अंघोळ, आठवड्याने परत. आणि सहाही जणांनी एकाच रात्री. चादरी-कपडे गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला. पावसाळ्यात सहा जणांच्या चादरी वाळवायच्या कुठे हा प्रश्न त्याने विचारला, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि रूमवर सांगू काय? मी म्हटलं बोटं दाखवा, बाकी काही सांगायची गरज नाही.

दोन आठवड्यांनी आला, खाज अजून थोडी आहे म्हणून घाबरलेला. किडे मेले तरी दोन-चार आठवडे खाज राहू शकते, ते समजावलं. मग रूमची गोष्ट सांगितली त्याने. बोटं दाखवल्यावर पाचातल्या चौघांनी मुकाट्याने आपापली बोटं पुढे केली. एक जण तर वाशीला जाऊन गुपचूप एचआयव्ही टेस्ट करून आलेला, दुसरा बायकोला गावाहून येऊ नको म्हणून सांगत होता, तिने काय समज करून घेतला असेल देव जाणे. एकमेकांची पाठ चोळायला कुणी तयार नव्हतं, शेवटी शिफ्टचं असतं तसं पाठीचं टाइमटेबल लावलं म्हणे.

पाचवा? त्याला काही नाहीच असं त्याचं म्हणणं, आणि तो नेमका दुसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी गावाला गेला. आपला पोरगा तीन महिन्यांच्या टेस्टला आला तेव्हा मी विचारलंच. रिपोर्ट निगेटिव्ह, लग्नाची पत्रिका छापून आलेली, आणि त्या पाचव्याच्या घरी बायको, दोन पोरं, म्हातारी, सगळी खाजवतायत. मॅडम, घरच्यांना किती ट्यूब लागतील, एसटीने पाठवतो. मी म्हटलं ट्यूब नको पाठवू, लहान पोरं आहेत, त्यांना तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवायला सांग, आणि त्याला सांग की या वेळी तूपण लाव.