डोक्यामागचा पांढरा ठिपका

कीड सल्लागार म्हणून कनेक्टिकटमधल्या एका द्राक्षबागेत जुलैमध्ये गेलो, तेव्हा वेलींच्या शेंड्यांकडच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि त्यांवर जपानी भुंगेरे घोसाघोसाने बसलेले होते. अमेरिकेत 1916 साली न्यू जर्सीतल्या एका रोपवाटिकेत प्रथम आढळलेली ही कीड आपल्या उसातल्या हुमणीची भाऊबंदच. हिची अळी तिथल्या हिरवळीच्या मुळ्या खाते.

सकाळच्या गारव्याने सुस्तावलेले भुंगेरे मजूर साबणाच्या पाण्यात झटकत होते. त्या बादलीतल्या बऱ्याच भुंगेऱ्यांच्या डोक्यामागे, चकचकीत हिरव्या ढालीवर, खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. "ठिपके तर सगळ्यांनाच असतात," असे मालक म्हणाले. ते खरेच होते, पण पोटाच्या दोन्ही कडांना असतात ते केसांचे झुबके. हा वरचा ठिपका नखाने खरवडूनही सहजी निघेना, तेव्हा त्यांनी भिंग मागून घेतले.

ते अंडे होते टॅकिनिड कुळातल्या इस्टोचीटा ऑल्ड्रिची या माशीचे. या भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी 1922 मध्ये ती जपानहून मुद्दाम आणली गेली. ती बहुतेक करून मादी भुंगेऱ्यावरच अंडे चिकटवते. सुमारे एका दिवसात बाहेर पडणारी अळी तिथूनच खाली भोक पाडून शरीरात शिरते, आणि भुंगेरा जमिनीत गाडून घेऊन पाच-सहा दिवसांत मरतो. आतून पोखरलेल्या त्याच सांगाड्यात अळी कोष करते आणि हिवाळा काढते. मादी लवकर मेल्याने तिची बरीचशी अंडी घालायची राहून जातात, हा माझ्या मते खरा फायदा. पानांची नासाडी त्या वर्षी फारशी थांबत नाही.

म्हणूनच, माशीच्या भरवशावर फवारणी सोडून द्या, असे मी सांगितले नाही. ही माशी भुंगेऱ्यांचा भर येण्याआधीच निघते, त्यामुळे मागाहून येणारे बरेचसे सुटतात. मोठ्या वेली थोडी पाने गेली तरी तग धरतात, तेव्हा फवारणी कोवळ्या वेलींपुरती ठेवावी आणि ठिपकेवाले भुंगेरे बादलीत न टाकता सोडून द्यावेत, एवढे ठरले. कुंपणालगतच्या जपानी नॉटवीडवर ही माशी पोसते हे ऐकून मालकांनी ते राखण्याची तयारी दाखवली. पण ते तणही तितकेच परके आणि उपद्रवी, त्यामुळे त्याला मात्र मी होकार दिला नाही.