दहा सेकंदांत न सापडलेली धडधड

पंचवटीतल्या आमच्या घरापासून दवाखाना रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, आणि तेवढ्या वेळात आईच्या छातीतली धडधड शमलेली असे. गेल्या वर्षी असे चारदा झाले आणि चारही वेळा ईसीजी अगदी स्वच्छ आला. एका ठिकाणी तर पित्ताच्या गोळ्या देऊन आमची बोळवण झाली, याचा मला अजून राग आहे.

साधा ईसीजी सुमारे दहा सेकंदांची नोंद घेतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. अधूनमधून बिघडणारी लय नेमकी त्या दहा सेकंदांत सापडली तर तो योगायोगच म्हणायचा.

पुढे गंगापूर रोडवरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र, लावला. (नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचे सुरुवातीचे यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन ३८ किलोंच्या आसपास होते, आईचे यंत्र कमरेच्या पट्ट्यात मावले.) यंत्राच्या धाकाने ती दिवसभर खुर्चीतून हलली नाही आणि अहवाल कोरा आला. मग छातीवर चिकटवायची, सात दिवस नोंद घेणारी पट्टी लावली. रोजची सगळी कामे करायची आणि धडधड झाली की वेळ वहीत टिपायची, अशी ताकीदही मिळाली.

वही आणि आलेख शेजारी ठेवले तेव्हा डॉक्टरांसकट सगळेच थबकले. संध्याकाळच्या ज्या धडधडीने आई घाबरत होती, ते अधूनमधून पडणारे जादा ठोके होते, बहुतेकदा निरुपद्रवी. खरे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, पहाटे तीनच्या सुमारास, ती गाढ झोपेत असताना, जवळजवळ दोन तास चालले होते. आलेखातल्या पी लहरी (वरचे कप्पे नीट आकुंचन पावत असल्याची खूण) नाहीशा झाल्या होत्या आणि ठोक्यांमधल्या अंतराला काही धरबंधच उरला नव्हता. निदानाला अशी नोंद किमान तीस सेकंदांची लागते. माझ्या मनगटावरचे घड्याळ प्रकाशाने नाडी मोजून फार तर शंका घेऊ शकते. तिची खातरजमा ईसीजीवरच होते.

या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. थायरॉईडची तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्यावर आईचे ७२ वर्षांचे वय व जुना रक्तदाब पाहून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. वही चालूच आहे. धडधडीच्या वेळेखाली आता गोळीची वेळही असते.