काकांच्या यशिकाचा सेल

काकांनी आयुष्यभर लग्नाचे फोटो काढले ते यशिका-मॅट १२४ जी कॅमेऱ्यावर. आता तो माझ्याकडे आलाय. लेन्स स्वच्छ, शटर ठणठणीत, रोल पुढं न्यायचं हँडल मऊसूत फिरतं. फक्त प्रकाश मोजणारा काटा मेलेला. हा कॅमेरा सेलशिवायही फोटो काढतो, सेल लागतो तो तेवढ्या काट्यापुरता. काका म्हणाले, "काट्याकडं कोण बघतंय? ऊन बघायचं आणि आकडा लावायचा." त्यांना जमतं ते. मला जमत नाही, आणि १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलमध्ये जेमतेम १२ फोटो निघतात, त्यातले निम्मे अंदाजात घालवायची माझी तयारी नव्हती.

सेलच्या खणात हिरवट पापुद्रा साचला होता. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडनं पुसल्यावर आतलं पितळ दिसलं. लागणारा सेल पीएक्स ६२५, १.३५ व्होल्ट.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका घड्याळवाल्यांकडे बटण सेलचा डबा गच्च भरलेला होता. एलआर ४४ होता, सीआर २०३२ होता. (२०३२ म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी, हे मला तिथं कळलं.) माझा नंबर ऐकून ते हसले. "पाऱ्याचा सेल तो. आता कुठला मिळतोय?"

घरी येऊन वाचत बसलो. पाऱ्याचा सेल सॅम्युअल रुबेन या अमेरिकन संशोधकानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार केला आणि मॅलरी कंपनीनं तो बनवला. पुढं हीच कंपनी ड्युरासेल झाली. या सेलचा मोठा गुण असा की संपेपर्यंत व्होल्टेज जवळपास १.३५ वरच टिकून राहतं. त्यामुळं कॅमेरावाल्यांनी व्होल्टेज स्थिर ठेवणारं वेगळं सर्किट घालायची तसदीच घेतली नाही, सगळा भार सेलवर टाकला. मग पाऱ्याचं विष लोकांच्या लक्षात आलं, देशोदेशी कायदे झाले, पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानं तर असे सेल बनवण्यावर आणि त्यांच्या आयात-निर्यातीवर २०२० नंतर बंदीच आणली. कॅमेरे राहिले, सेल गेला.

एरवी उलटं होतं. वस्तू जाते आणि तिच्या मागोमाग सेल जातो. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिल सेल, रिमोटचा बारीक सेल आणि गॅस गीझरचा मोठा सेल कधीही मिळतो. मधला, म्हणजे 'सी' मापाचा, मागितला तर ते वरच्या फळीवर हात घालून बघतात आणि नाही म्हणतात. 'सी' आणि 'डी' आहेत तर 'ए' आणि 'बी' कुठं गेले, असं मला लहानपणापासून वाटायचं. तीही मापं होती, अमेरिकेत १९२० च्या दशकात ही अक्षरं ठरली तेव्हापासून. पण 'बी' युरोपातल्या साडेचार व्होल्टच्या चपट्या बॅटरीच्या पोटात राहिला आणि 'ए' जुन्या लॅपटॉपच्या पॅकमध्ये. सुटा सेल मागणारी वस्तूच घरात नसेल तर दुकानदार तरी कशाला ठेवेल?

६२५ च्याच मापाचा अल्कलाइन सेल ऑनलाइन मिळतो. तो मी घेतला नाही. त्याचं व्होल्टेज १.५ पासून सुरू होतं आणि वापरेल तसं उतरत जातं. नवा असताना काटा उजेड जास्त दाखवणार आणि फोटो काळपट येणार. पुढं चूक किती होतेय तेही कळणार नाही. त्यापेक्षा काकांचा अंदाज बरा!

उपाय निघाला कानाच्या यंत्राचा. त्यातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो आणि बराच काळ तिथंच राहतो. राजारामपुरीत श्रवणयंत्रांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "पेशंट कोण?" म्हटलं, कॅमेरा. त्यांनी निळ्या स्टिकरची सहा सेलची पट्टी दिली आणि बजावलं की स्टिकर काढला की बारीक भोकांतून हवा आत जाते, मिनिटभर थांबायचं आणि मग बसवायचा. हवा लागली की सेल वापरा न वापरा, महिना-दोन महिन्यांत उतरणार.

उरला मापाचा प्रश्न. ६७५ चा व्यास ११.६ मिमी, ६२५ चा साधारण १६. इथं कोल्हापूर कामाला आलं. शिवाजी उद्यमनगरात पंपाचे सुटे भाग विकणाऱ्याकडे ओ-रिंगांचे, म्हणजे गोल रबरी कड्यांचे, डबेच्या डबे असतात. आतून साडेअकराची, २ मिमी जाडीची रिंग मागितली. "कुठल्या पंपाला?" या प्रश्नावर कॅमेऱ्याचं नाव काढलं आणि दुकानातल्या सगळ्यांनी कॅमेरा बघायला मागितला. रिंग सेलवर चपखल बसली. उंचीत थोडी पोकळी राहत होती, तिथं अॅल्युमिनियम फॉइलची घडी घातली, पण भोकांच्या विरुद्ध बाजूला. भोकं बुजली तर सेल गुदमरतो.

रंकाळ्यावर संध्याकाळी काटा मोबाइलच्या लाइट मीटर अॅपशी ताडून पाहिला. फरक अर्ध्या स्टॉपच्या आतला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म तेवढं सहज सोसते.

पट्टीतले बाकीचे सेल स्टिकरसकट कपाटात आहेत, रोल भरायच्या दिवशीच एकेक उघडायचा. आजीच्या यंत्राला चालले असते तर बरं झालं असतं, पण तिला ३१२ लागतो, तपकिरी स्टिकरचा.