काकांच्या विलीजचे दिवे

नोव्हेंबर 2019. सकाळी साडेनऊला शटर उघडायला गेलो, तर माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर विलीज उभी होती. इंदूरच्या नवलख्याजवळच्या आमच्या गल्लीत दिवसभर ट्रॅक्टर, टेम्पो, मॅजिक येत असतात, त्यांच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण 1952 ची विलीज पिकअप बघायला पंक्चरवाला आणि पोहेवाला दोघंही हातातलं काम टाकून आले होते. पुढे काढलेली टोकदार जाळी, तिच्यावर पाच आडव्या पट्ट्या, आणि दोन्ही बाजूंना सात इंची गोल दिवे.

गाडी रामबागेतल्या एका काकांची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. बडवाहजवळ त्यांची शेती आहे. पंचाहत्तरी जवळ आली तरी आठवड्यातून एकदा खताची पोती टाकून स्वतः घेऊन जातात. काकांच्या हातात खोकं होतं. ह्यूस्टनहून मुलाने पाठवलेले दोन एलईडी हेडलॅम्प. इतके सुरेख की हातात घेऊन बघत राहावेसे वाटले.

"रात्री भेरूघाटात काही दिसून नाही राहिलं रे," काका म्हणाले. "हे बसवून दे. संध्याकाळी निघायचंय. उद्या सकाळी कापूस वेचायला बाया येणार आहेत."

आधी जुने दिवे लावून बघितले. पिवळे, थकलेले. एका मिस्त्रीने काकांना 100/90 वॉटचे बल्ब टाकायला सांगितलं होतं. बरं झालं त्यांनी ऐकलं नाही, कारण ती वायरिंग पेटली असती. इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 13.9 व्होल्ट. दिव्याच्या होल्डरवर 10.6. सव्वातीन व्होल्टच्या वर वाटेतच नाहीसे होत होते. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की तीस टक्के उजेड जातो. म्हणजे काका घाटात ज्या उजेडावर गाडी चालवत होते तो जेमतेम चाळीस टक्के होता. मी त्यांना मीटरचा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

उजेड जात होता कुठे, ते शोधण्यात दुपार झाली. ही गाडी मुळात सहा व्होल्टची. सहा व्होल्टला त्याच वॉटसाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून कारखान्यातून आलेली वायर चांगली जाड असते. ती जाड वायर तशीच ठेवली असती तर बारा व्होल्टला ती राजासारखी चालली असती. पण बारा व्होल्ट करताना कुणीतरी कापडी वेष्टणाची जुनी लूम, म्हणजे वायरांचा जुडगा, उपटून फेकली होती आणि घरातल्या घंटीला लावतात तसली बारीक वायर ओढली होती. जोड नुसते पिळून वर टेप गुंडाळलेली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. पायाखालचा डिपरचा, म्हणजे झोत खाली-वर करायचा, स्विच उघडला तर आतल्या पितळेवर चिखलाचा थर, एक संपर्क वितळून बाजूला सरकलेला. अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, वायर मडगार्डच्या बोल्टखाली होती आणि त्या बोल्टखाली रंगाचे तीन थर. एकट्या अर्थमध्येच 0.8 व्होल्ट जात होता. अर्थकडे लोक बघतच नाहीत, आणि निम्मे आजार तिथेच असतात.

डाव्या दिव्याच्या वाटीत कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. उजव्या दिव्याचे फिरवायचे स्क्रू इतके गंजलेले की डिझेल टाकून तासभर थांबावं लागलं.

तेवढ्या वेळात एलईडी दिवे तपासायला घेतले. एक दिवा टेबलावर सरळ बसवला, बॅटरी जोडली आणि गल्लीच्या टोकाच्या गोदामाच्या भिंतीवर डिपर, म्हणजे खालचा झोत, टाकला. तिथे सावली असते, त्यामुळे भरदिवसाही रेघ दिसली. लख्ख पांढरी, सुरीने कापावी तशी. डावीकडे सपाट, आणि मधून उजवीकडे पायरीसारखी वर चढलेली.

मी दिवा बंद केला. पुन्हा लावला. उलटा बसवलाय का ते पाहिलं. नव्हता.

अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. तिथे रस्त्याची कड, पाट्या, पायी चालणारी माणसं उजवीकडे असतात, म्हणून उजेड उजवीकडे वर उचललेला असतो. डावीकडून समोरची गाडी येते, म्हणून तिकडे तो दाबलेला. आपल्याकडे हे सगळं उलटं. हाच दिवा भेरूघाटात लावला, तर वर उचललेला झोत सरळ समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाणार, आणि आपल्या डाव्या कडेला अंधार. खाली फिरवून तो सुधारता येत नाही. खाली फिरवला की पुढचा रस्ताच दिसेनासा होतो.

काकांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मुलाने प्रेमाने पाठवलेली वस्तू. मला मात्र हे सांगणं भाग होतं, त्याला कारण आहे. 2016 साली बायकोला मागे बसवून ओंकारेश्वरहून मोटरसायकलवर परतत होतो. सिमरोलच्या अलीकडे समोरून एक गाडी आली, तिच्या दिव्यांनी डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरला. दोन-तीन सेकंद काहीच दिसलं नाही. तेवढ्यात डाव्या कडेला उभी असलेली ट्रॉली आली. माझं गळपट्टीचं हाड मोडलं, तिच्या हाताला सात टाके. ती गाडी कुणाची ते कधी कळलं नाही. पण पलंगावर पडल्या पडल्या एकच गोष्ट आठवत होती: त्याच वर्षी मी स्वतः कितीतरी गाड्यांच्या हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे बल्ब बसवून दिले होते. हॅलोजनची तार जिथे असते तिथे एलईडीचा दाणा येत नाही, आणि झोत चारी बाजूंना फुटतो. गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय लख्ख पडलं, आणि मी पैसे घ्यायचो. बरा झाल्यावर ते काम बंद केलं. गिऱ्हाईकं तुटली. तुटू दिली.

हे सगळं काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फोन काढला आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी फोन भिंतीकडे धरला.

"पण हे बरोबरच पडतंय," मुलगा म्हणाला.

"तुमच्याकडे बरोबर. आता या दिव्याच्या मागे बाबा बसलेत आणि समोरून ट्रक येतोय असं समजा. तो तुमच्या कुठल्या हाताला?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उजव्या." आणि मग, "बाबा, नका लावू ते."

बाजारात जाऊन देशी बनावटीचे सात इंची, एच-फोर जातीच्या हॅलोजन बल्बाचे दिवे आणले. काचेवर बाण कोरलेला असतो तो आधी बघितला: दिव्यासमोर उभं राहिलं की बाण आपल्या उजव्या हाताकडे, म्हणजे गाडीच्या डावीकडे. बल्ब साधे, अप्परला 60 आणि डिपरला 55 वॉटचे. या बल्बात डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते, ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडणारा उजेड अडवते, त्यामुळे वर जाणारा झोत तयारच होत नाही. 1971 पासून हा बल्ब चालत आलाय, आणि सरळ वायरवर तो आजही मन लावून काम करतो.

साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर. जुन्या स्विचमधून आणि पायाच्या डिपरमधून एवढा करंट नेणं म्हणजे त्यांना मारणंच. म्हणून दोन रिले टाकले, एक अप्परला, एक डिपरला. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा स्विच. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या 30 नंबरच्या टोकावर, 87 वरून दिव्याला. जुन्या स्विचची वायर 86 ला, 85 अर्थला. आता स्विचकडे रिलेच्या कॉइलचा चिमूटभर करंट राहिला. पायाचा स्विच साफ करून तोच ठेवला. काकांचा पाय साठ वर्षं तिथेच जातो, तो बदलायला मन होईना. दोन्ही दिव्यांची अर्थ वेगळी ओढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. मीटर लावला: होल्डरवर 13.4.

काका वाकून बघत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच होता.

आता झोत लावायचा. हे काम घाईत केलं तर बाकी सगळं वाया. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपरची कापलेली कड त्या खालच्या रेघेवर आणली. डावीकडे ती 15 अंशांनी वर चढते. बसली. मग आठवलं, काका रिकाम्या गाडीने जातात कधी? शेजारच्या दुकानातून दहा पोती सिमेंट उसनी मागून मागच्या हौद्यात टाकली. पाचशे किलो. मागचे पाटे दबले, नाक उचललं आणि रेघ भिंतीवर जवळजवळ वीतभर वर सरकली. म्हणजे रिकाम्या गाडीवर लावलेला झोत भरल्या गाडीत पुन्हा समोरच्याच्या डोळ्यांतच गेला असता. पोती तशीच ठेवून दोन्ही दिव्यांचे झोत पुन्हा रेघेवर आणले. रिकाम्या गाडीत उजेड थोडा जवळ पडेल, ते चालतं.

सिमेंट उतरवलं, काकांची खताची पोती चढवली. सात वाजले. काका म्हणाले, "तू चल बरोबर. घाटापर्यंत."

भंवरकुवा, तेजाजीनगर, सिमरोल. काका शांतपणे चालवत होते. विलीजचा आवाज इतका की बोलणं शक्य नव्हतंच. भेरूघाटात समोरून ट्रकांची रांग चढत होती. मी प्रत्येक ट्रककडे बघत होतो. डोळे दिपले म्हणून एकानेही डिपर मारून दाखवला नाही. मी श्वास धरून बसलो होतो, हे मला तिसऱ्या वळणावर कळलं.

चौथ्या वळणावर रस्ता डावीकडे वळतो. झोताची वर चढलेली बाजू कठड्याच्या पांढऱ्या दगडांवरून सरकत गेली, आणि पुढे सायकल हातात धरून चाललेला एक माणूस दिसला. काळी शाल, मागे दिवा नाही, काही नाही. ओरडून सांगायला मी हात उचलला, तर काकांचा पाय आधीच ब्रेकवर गेला होता.

बलवाड्याला चहा घेतला. काका पुढे बडवाहला गेले, मी पुढच्या बसने इंदूरला परत आलो.